१९७० ची शेव्हेल एलएस६: इंजिनावरचा स्टॅम्प खरा की नंतर मारलेला?

निखिल_ओहायो

नमस्कार मंडळी,

सिनसिनाटीच्या जवळ एक १९७० ची शेवरलेची शेव्हेल एसएस (सुपर स्पोर्ट) ४५४ विकायला आहे. ४५४ म्हणजे इंजिनाचे घनइंच. रंग क्रॅनबेरी रेड, वर पांढरे पट्टे, फोर स्पीड. विकणारा म्हणतो की ही एलएस६ आहे, म्हणजे ४५४ चा सगळ्यात जोरदार, ४५० हॉर्सपॉवरवाला प्रकार, आणि ‘नंबर्स मॅचिंग’ आहे, म्हणजे इंजिन या गाडीचं मूळचंच. मागणी १,१८,००० डॉलर. एवढे पैसे आयुष्यात एकदाच घालायचे, म्हणून घाई करत नाहीये.

परवा जाऊन गाडी पाहिली, फोटो काढले. जे वाचता आलं ते देतो. शेवटचे आकडे झाकले आहेत.

डॅशवरचा व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक): १३६३७०बी१‑‑‑‑‑
फायरवॉलवरच्या कावल टॅगवर बॉडीची तारीख: ०३ए
इंजिनाच्या पॅडवर (ब्लॉकच्या पुढच्या टोकाची सपाट जागा): टी०३१८सीआरव्ही, आणि शेजारी १०बी१‑‑‑‑‑, जो व्हिनशी जुळतो.

बिल्ड शीट (कारखान्यातला, गाडीच्या पर्यायांचा कागद) नाही. एक विंडो स्टिकर आहे, फ्रेम करून लावलेला, त्यावर एलएस६ छापलंय. पण कागद पांढराशुभ्र आहे, पन्नास वर्षांचा वाटत नाही. मालकाने गाडी २००८ साली घेतली, त्याआधीचं त्याला काही ठाऊक नाही.

व्हिनवरून एसएस कळते का? पॅडवरच्या स्टॅम्पवर कितपत विसंबायचं? आणि जनरल मोटर्सकडे याची नोंद मागता येते का?

---

टूलरूम_काका

निखिल, आधी तुझ्याच दोन फोटोंतल्या तारखा एकाखाली एक लिहून काढ.

कावल टॅगवर ०३ए, म्हणजे मार्चचा पहिला आठवडा. पॅडवर ०३१८, म्हणजे इंजिन जोडलं १८ मार्चला. बॉडी मार्चच्या पहिल्या आठवड्यातली आणि इंजिन अठरा तारखेचं. इंजिन टोनावांडाला, न्यूयॉर्क राज्यात तयार होणार, तिथून बाल्टिमोरच्या कारखान्यात येणार, आणि मग गाडीत बसणार. अशा वेळी इंजिनाची तारीख गाडीच्या आधीची असते, बहुतेकदा काही दिवस ते काही आठवडे आधीची. इथे उलटं झालंय. मी अजून निकाल देत नाही, पण माझी शंका इथून सुरू होते.

आता तुझे प्रश्न.

व्हिनवरून एसएस कळत नाही. १३६३७ म्हणजे व्ही८ मालिबू, दोन दारी हार्डटॉप. पुढचा ० म्हणजे १९७०, बी म्हणजे बाल्टिमोर. ३०७ इंजिनाची साधी मालिबू घेतली असती तरी सुरुवात हीच. १९६६ ते ६८ या काळात एसएस ३९६ ला स्वतःची मालिका होती, व्हिन १३८ ने सुरू व्हायचा. १९६९ पासून एसएस हा नुसता पर्याय झाला आणि व्हिनमधून गेला. त्यामुळेच या सालांच्या गाड्यांत नकलांचं पीक आलं. मालिबू घ्या, एसएसचं हूड, ग्रिल, गोल घड्याळांचा डॅश लावा. सगळं नवं बनवून मिळतं. एलएस६ एकूण ४,४७५ बनल्या असं मानलं जातं, त्यात एल कमिनोही आल्या. आज प्रदर्शनांत फिरून पाहिलंस तर आकडा पटणार नाही.

कावल टॅगही एसएसबद्दल काही बोलत नाही. तो बॉडीचा टॅग. रंग, आतली ट्रिम, बॉडी नंबर, आठवडा, एवढंच.

जनरल मोटर्सकडे अमेरिकेत विकलेल्या शेवरलेच्या गाडीवार नोंदी मागायला जाऊ नकोस. हेरिटेज सेंटर त्या मॉडेलची माहिती देतं, तुझ्या गाडीची नव्हे. गाडी कॅनडात विकली गेली असती तर तिथल्या नोंदींतून पर्यायांसकट कागद मिळाला असता. त्यामुळे आपल्याला एनसीआरएसचा शिपिंग रिपोर्ट उरतो. ही मुळात कॉर्व्हेटवाल्यांची संघटना, पण त्या काळातल्या इतर शेवरलेंचीही नोंद ते काढून देतात. गाडी कारखान्यातून कधी निघाली आणि कुठल्या डीलरकडे गेली, एवढंच मिळतं. इंजिन कुठलं ते मिळत नाही. तरी तो मागव, कारण इथे आपल्याला तारीखच हवी आहे.

आता पॅड. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, माझा जन्म मशीनवर गेलाय.

ब्लॉकचा वरचा सपाट भाग म्हणजे डेक, ज्यावर हेड बसतं, तो कारखान्यात ब्रोचिंगने कापला जायचा. ब्रोच म्हणजे ओळीने दाते असलेलं लांब हत्यार. ते ब्लॉकच्या लांबीला धरून एका झेपेत सरकतं आणि मागे बारीक, सरळ, समांतर रेघा सोडतं. पॅड हा त्याच पृष्ठभागाचा पुढचा तुकडा, म्हणून त्यावरही त्याच रेघा असतात, पुढून मागे जाणाऱ्या. स्टॅम्प नंतर मारलेला असल्याने रेघ अक्षराच्या कडेपर्यंत येते, खड्ड्यात मोडते आणि पलीकडून तशीच पुढे जाते.

नवा नंबर मारायचा तर आधी जुना घालवायला लागतो. म्हणजे मिलिंग किंवा ग्राइंडिंग. मिलिंगच्या रेघा वळणदार येतात, पंख्यासारख्या. हुशार माणूस मग एमरी पेपरने पुढेमागे घासून सरळ रेघा काढतो. पण ब्रोचच्या रेघांची खोली कमीजास्त असते, कारण प्रत्येक दाताची धार वेगळी झिजलेली असते. पेपरच्या रेघा एकसारख्या, उथळ आणि मध्येच संपणाऱ्या. पॅड रंगाच्या थिनरने पूस, कसलंही खरवडणं नको. खोलीत अंधार कर आणि टॉर्च अगदी आडवा, पॅडला चिकटवून धर. वरून मारलेल्या फ्लॅशमध्ये हे दिसत नाही. तुझा फोटो तसाच आहे.

रेघा नाहीत म्हणजे लबाडी, असं मात्र समजू नकोस. इंजिन दुरुस्त करताना डेक सरळ करून घेतात, त्यात रेघाही जातात आणि नंबरही जातो. तेव्हा प्रामाणिक माणसाच्या गाडीचा पॅड कोरा असतो. रेघा गेल्यात आणि नंबर मात्र ठणठणीत आहे, तेव्हा विचारायचं.

अजून एक. पॅडवरचे दोन नंबर दोन वेगळ्या ठिकाणी मारले जायचे. टी०३१८सीआरव्ही हा टोनावांडाला, इंजिन तयार झाल्यावर. १०बी१ वाला बाल्टिमोरला, गाडीच्या लाइनवर. ठसे वेगळे, मारणारे हात वेगळे, ठोका वेगळा. दोन्ही ओळींची अक्षरं एकाच ठशांच्या संचातली वाटत असतील, खोली आणि तिरपेपणा तोच असेल, तर माझ्या मते तिथेच उत्तर मिळालं.

आता तू हे कर. ब्लॉकच्या उजव्या बाजूला, स्टार्टरच्या आसपास ओतकामाची तारीख उठावात असते. एक अक्षर आणि आकडे. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, पुढे तसंच. मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. मागे बेलहाउसिंगच्या कडेवर कास्टिंग नंबर आहे, तो ३९६३५१२ हवा. हेडवर ३९६४२९१, अ‍ॅल्युमिनियमच्या इनटेकवर ३९६३५६९. हे तिन्ही जुळले तरी गाडी एलएस६ ठरत नाही, कारण तेच हेड आणि तोच इनटेक ३९६ च्या एल७८ लाही होते आणि तोच ब्लॉक नंबर एलएस५ या साध्या ४५४ लाही. पण न जुळले तर पुढचं पाहायची गरज राहत नाही.

गाडी लिफ्टवर चढवायला सांग आणि गिअरबॉक्सचा नंबर घे. पेट्रोलची टाकी उतरवू देतो का विचार. जीएमच्या गाड्यांत बिल्ड शीट पुष्कळदा टाकीच्या डोक्यावर चिकटून राहिलेली सापडते, नाहीतर सीटच्या स्प्रिंगांत.

विंडो स्टिकर बाजूला ठेव. हल्ली कुणालाही हवे ते पर्याय घालून छापून मिळतो.

---

रस्टबेल्ट_मंदार

काकांचा अभ्यास दांडगा आहे, पण एक मुद्दा मांडतो. कावल टॅगवरचा आठवडा म्हणजे फिशर बॉडीचं, जीएमच्या बॉडी बनवणाऱ्या विभागाचं, वेळापत्रक. गाडी प्रत्यक्षात त्यानंतर लाइनवरून उतरते. एखादा भाग नव्हता म्हणून गाडी अडकली, असंही व्हायचं. दहाबारा दिवसांच्या फरकावर विकणाऱ्याला खोटं ठरवणं मला जड जातं.

वॉरंटीत इंजिन बदललं असण्याचीही शक्यता आहे. एलएस६ घेणारे लोक रविवारी ड्रॅग स्ट्रिपवर असायचे, इंजिनं फुटायचीच.

आणि निखिल, तुला गाडी चालवायची आहे की तिजोरीत ठेवायची? चालवायची असेल तर चांगली बनवलेली ४५४ शेव्हेल निम्म्याच्या आसपास मिळेल, आणि पायाखाली तेवढाच जोर.

---

मॅकवन_वैदेही

मी फोर्डवाली, पण शोधाशोध माझ्याही वाट्याला आली आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडे हे बरंच सोपं आहे. मस्टँगच्या व्हिनमध्येच इंजिनाचं अक्षर असतं. माझ्या १९६९ मस्टँग मॅक वनचा व्हिन ९एफ०२आर ने सुरू होतो: ९ म्हणजे १९६९, एफ म्हणजे डिअरबॉर्न, ०२ म्हणजे स्पोर्ट्सरूफ, आणि आर म्हणजे रॅम एअरवाली ४२८ कोब्रा जेट. शिवाय १९६७ पासूनच्या फोर्डच्या नोंदी केव्हिन मार्टींकडे अधिकृत परवान्याने आहेत. व्हिन दिला की रंग, अ‍ॅक्सल, पर्याय, डीलर, सगळं छापून येतं. पाँटिअ‍ॅकसाठी पीएचएस ही नोंदी देणारी संस्था तसंच काम करते. जीटीओचा ‘जज’ हाही नुसता पर्याय होता, व्हिन तो सांगत नाही, पण पीएचएसकडच्या कारखान्याच्या बिलावर तो असतो. मोपारवाल्यांच्या, म्हणजे क्रायसलरच्या गाड्यांच्या, व्हिनमध्येही इंजिनाचं अक्षर आहे. १९७० च्या हेमी कूडाचा व्हिन बीएस२३आर० ने सुरू होतो, त्यातला आर म्हणजे ४२६ हेमी. शेवरलेवाल्यांना यातलं काहीच नाही, म्हणून त्यांनी माणसं शोधायला हवीत असं मला वाटतं.

माझी पद्धत सांगते. मार्टी रिपोर्टमध्ये डीलरचं नाव होतं, तो केव्हाच बंद झालाय. राज्याच्या मोटार खात्याकडून जुन्या मालकांची नावं मिळत नाहीत. १९९४ च्या चालक गोपनीयता कायद्यानंतर ते दार बंद झालं. मग मी त्या गावच्या वाचनालयात बसून स्थानिक वर्तमानपत्राची मायक्रोफिल्म पाहिली. डीलरच्या जाहिराती, ड्रॅग स्ट्रिपचे निकाल, अपघातांच्या बातम्या. एका छोट्या निकालात ४२८ मस्टँग आणि आडनाव सापडलं. त्या आडनावाच्या लोकांना पत्रं लिहिली. कागदावर, हाताने. ईमेलला लोक घाबरतात.

पहिल्या मालकाच्या मुलीने उत्तर दिलं. तिच्याकडे एक फोटो होता: अंगणात गाडी, बॉनेट उघडं, वडील वाकून काहीतरी बघताहेत. फोटोच्या पांढऱ्या कडेवर छापलं होतं, जुलै ७१. मागे दिसणारा शेकर स्कूप, बाजूचे पट्टे, मागच्या काचेवरच्या झडपा, सगळं माझ्या गाडीवर होतं तसंच. सोबत १९७३ सालचं विम्याचं कार्ड, त्यावर पूर्ण व्हिन.

तो फोटो मला मार्टी रिपोर्टइतकाच मोलाचा वाटतो. ७१ साली ती जुनी झालेली एक मस्टँग होती. तिच्याबद्दल खोटं बोलून कुणाला दमडी मिळणार नव्हती. निखिल, तुझ्या गाडीचाही त्या काळातला कागद शोध. सर्व्हिसची पावती, टायरचं बिल, कर भरल्याची चिठ्ठी, काहीही चालेल. २००८ नंतरचा कागद कितीही देखणा असला तरी तो गाडी महाग झाल्यानंतरचा आहे.

---

टूलरूम_काका

वैदेहीताईंशी शंभर टक्के सहमत.

मंदार, तुझा पहिला मुद्दा रास्त आहे. म्हणूनच मी निकाल दिला नाही आणि एनसीआरएसची तारीख मागवायला सांगितली.

वॉरंटीचं मात्र पटत नाही. १९६८ नंतर वॉरंटीत बदलून दिलेल्या ब्लॉकवर सीई असा स्टॅम्प असायचा. सीआरव्ही हा टोनावांडातून गाडीच्या लाइनकडे निघालेल्या, फोर स्पीडच्या एलएस६ चा कोड. आणि बदललेल्या इंजिनावर त्या गाडीचा व्हिन बाल्टिमोरच्या लाइनवर कोण मारणार?

---

निखिल_ओहायो

सगळ्यांचे आभार. काका, तुम्ही सांगितलेलं बरंचसं करून आलो. विकणारा माणूस भला आहे, त्याने कशालाही आडकाठी केली नाही. मला वाटतं त्यालाही खरंच माहीत नव्हतं.

एनसीआरएसचा रिपोर्ट आला. गाडी ६ मार्च १९७० ची, डीलर पेनसिल्व्हेनियातला.

ब्लॉकचा कास्टिंग नंबर ३९६३५१२. ओतकामाची तारीख सी १२ ०. हेड आणि इनटेक तुम्ही दिले तेच नंबर.

पॅड थिनरने पुसून टॉर्च आडवा धरला. टी०३१८सीआरव्हीच्या भोवती रेघा आहेत, सरळ, काही खोल काही उथळ. पण व्हिनच्या नंबराखालचा पट्टा गुळगुळीत आहे आणि बोट फिरवलं तर किंचित खोलगट लागतो. तिथली अक्षरं वेगळीच आहेत. त्यातला ० गोल आहे, वरच्या ओळीतला उभट.

गिअरबॉक्स मन्सी. त्यावर पी०बी१८सी आणि १०बी१‑‑‑‑‑, व्हिनशी जुळतो. फोटो जोडलाय, अक्षरांत काळं तेल घट्ट बसलेलं आहे.

टाकी उतरवली. वर गंज आणि उंदराचं घर, कागद नाही. मागची सीटही उचलली, तिथेही नाही.

---

टूलरूम_काका

शाब्बास! इतकं नीट काम पैसे घेऊन तपासणारेही करत नाहीत.

सी १२ ० म्हणजे १२ मार्च १९७०. गाडी ६ मार्चला कारखान्याबाहेर पडली, तेव्हा या ब्लॉकचं लोखंड अजून साच्यात ओतलेलंही नव्हतं. मंदारची शंका इथे मिटते, टॅगच्या आठवड्याची गरजच उरली नाही.

आणि तू पॅडचं जे वर्णन केलंस त्यावरून घडलं काय तेही दिसतं. १२ ला ओतलेला ब्लॉक, १८ ला जोडलेलं इंजिन, वरची ओळ ब्रोचच्या रेघांसकट शाबूत: हे खरं एलएस६ इंजिन आहे. दुसऱ्या कुठल्यातरी शेव्हेलमधलं. तिचा व्हिन घासून काढून त्या खोलगट पट्ट्यात या गाडीचा मारला. नुसतं साधं ४५४ आणून वर सीआरव्ही मारलं असतं तर पूर्ण पॅड घासावा लागला असता. इथे कुणीतरी मोलाचं खरं इंजिन मिळवलं आणि तेवढ्यावर न थांबता गाडीला चिकटवलं. याचा मला मनापासून राग येतो. त्या दुसऱ्या गाडीचा माग कायमचा पुसला गेला. तिचा मालक आज कुठेतरी आपलं इंजिन शोधत असेल, आणि ते सापडलं तरी त्याला ओळखता येणार नाही.

आता गिअरबॉक्स, ही तुझ्यासाठी चांगली बातमी. पी म्हणजे मन्सी, ० म्हणजे १९७०, बी१८ म्हणजे १८ फेब्रुवारी, आणि शेवटचा सी म्हणजे एम२२, ज्याला लोक रॉक क्रशर म्हणतात. तारीख गाडीच्या सव्वादोन आठवडे आधीची, जशी असायला हवी तशी. स्टॅम्पचा फोटो मोठा करून पाहिला. ठोका असमान, एक आकडा अर्धवट उठलेला, खाचेत जुनी घाण. मला तो खरा वाटतो. साध्या ३०७ मालिबूला एम२२ कारखान्यात बसत नव्हता. म्हणजे ही गाडी जन्मतः बिग ब्लॉक (३९६ किंवा ४५४ वाली), फोर स्पीड. पण एल७८ होती, एलएस५ होती की एलएस६ होती, ते सांगणारा पुरावा आज आपल्या हातात नाही. डीलरचं गाव कळलंय, तेव्हा वैदेहीताईंची मायक्रोफिल्मची वाट तुझ्यासाठी उघडी आहे. ती गाडी घेतल्यावरही चालता येईल, पण किंमत मात्र आज जे सिद्ध होतंय त्याचीच द्यायची.

चेसिसवरचा व्हिनही पाहून घे. ड्रायव्हरच्या बाजूच्या रेलवर, मागच्या भागात, वरच्या अंगाला असतो. बॉडी आणि रेल यांच्यात फटीएवढीच जागा आहे, बोरस्कोप लागेल. तो जुळला की बॉडी, चेसिस आणि गिअरबॉक्स एका गाडीचे ठरले.

---

निखिल_ओहायो

काका, चेसिस पाहिला, जुळतो. विकणाऱ्याला सगळे फोटो दाखवले. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला ७४,००० ला देतो. मला गाडी आवडली आहे आणि हा भाव पटतोय. व्यवहार करताना काय जपू? आणि गाडी घरी आली की पॅडवरचा तो खोटा व्हिन घासून काढू का? रोज बॉनेट उघडल्यावर डोळ्यांत सलेल.

---

टूलरूम_काका

अजिबात घासू नकोस. गाडीचा ओळख क्रमांक बदलणं किंवा काढणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि उद्या कुणी विचारलं तर ‘मी चांगल्या हेतूने काढला’ हे सिद्ध करत बसशील. पैसे देण्याआधी राज्याच्या पोलिसांकडून व्हिनची तपासणी करून घे आणि इंजिनाची गोष्ट त्यांना स्वतःहून सांग. ते इंजिन चोरीच्या गाडीतलं निघण्याची शक्यता कमी असली तरी आहे, आणि ते तुझ्या नावावर गाडी होण्याआधी कळलेलं बरं. घासलेल्या जागी आम्ल लावून खालचा जुना नंबर उठवता येतो, पण ते काम त्यांचं. निघालाच तर त्या दुसऱ्या शेव्हेलचाही माग लागेल.

विक्रीच्या कागदावर स्पष्ट लिहून घे: इंजिन सीआरव्ही, ओतकाम १२ मार्च १९७०, या गाडीचं मूळ इंजिन नव्हे, गिअरबॉक्स मूळ. दोघांच्या सह्या. एनसीआरएसचा रिपोर्ट आणि आडव्या टॉर्चमधले फोटो त्यालाच जोड. त्या फ्रेममधल्या स्टिकरच्या मागे ‘नंतर छापलेला’ असं लिहून तारीख टाक, म्हणजे तुझ्यानंतर गाडी घेणाऱ्याला तो अस्सल म्हणून कुणी दाखवणार नाही.